भीमथडी घोड्याची वंशावळ

भीमथडी म्हणजे भीमेची थडी, अर्थात् भीमा नदीचा कांठ. या कांठावरील व नीरेच्या खोऱ्यांतील घोड्यांस भीमथडी म्हणण्याचा प्रघात आहे. नीरा भोर तालुक्यांत उगम पावते, वेल्ह्याकडील कानंदी व गुंजवणी यांचें पाणी घेते व नीरा-नरसिंहपुरास भीमेस मिळते. घोड्यांची पैदास मात्र भोर-वेल्ह्याच्या पावसाळी डोंगरांत नव्हे, तर खालच्या कोरड्या माळांवर होई.

घोड्यास देशावरून नांव देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अमरकोशांत वनायु, पारसीक, काम्बोज व बाह्लीक या देशांवरून अश्वांचे भेद सांगितले आहेत. टीकाकार वनायु म्हणजे अरबस्तान समजतात. चौल, दाभोळ या बंदरांत अरबी घोडे उतरत. अशा अरबी व तुर्की घोड्यांचा देशी घोड्यांशीं संकर होऊन भीमथडी जात बनली, असें सामान्यतः मानितात.

हें जनावर ठेंगणें, सुमारें सव्वाचार फूट उंचीचें. खूर कठीण, पाय बळकट व खाणें थोडें. शर्यतीच्या धांवपट्टीपेक्षां लांबचा पल्ला हेंच त्याचें खरें क्षेत्र. सभासदानें बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगतांना पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असल्याचें लिहिलें आहे. पावसाळ्यांत छावणी व दसऱ्यानंतर मुलूखगिरी, हा त्या फौजेचा क्रम होता. अशा चाकरीस दिसण्यापेक्षां टिकणें महत्त्वाचें. सन 1818 मध्यें पेशवाई संपली, शिलेदारी ओसरली व या घोड्याचा मान गेला. फिरत्या धनगरांचीं बिऱ्हाडें वाहतांनाच तो मुख्यतः टिकून राहिला. अलीकडे, सन 2023-24 च्या सुमारास, कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें स्वतंत्र देशी जात म्हणून त्याची नोंद केली, ही समाधानाची गोष्ट होय.

इंग्लंडांतील शर्यतीच्या घोड्याची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन पौर्वात्य घोड्यांपर्यंत पोंचते. त्यांच्या वंशांचा ग्रंथ सन 1791 मध्यें छापला गेला. भीमथडीसही पौर्वात्य रक्त लाभलें असावें. परंतु त्याचा वंशग्रंथ कोणीं लिहिला नाहीं. शालिहोत्राच्या पोथ्यांत रंग, भोंवरे व रोग यांचा विस्तार असतो; पण अमुक घोडा अमुक गांवीं कोठून आला, हें तींत मिळत नाहीं. तें शोधावयाचें तर पागेच्या हजिऱ्या, दाणावैरणीचे जमाखर्च, नालबंदीचे हिशेब व खरेदीच्या याद्या यांतच शोधिलें पाहिजे.

येथें आमचा एक अपराध कबूल करणें प्राप्त आहे. शाळेवर असतांना गुंजवणी खोऱ्यांतील एका घरीं आम्हीं कागदांचा रुमाल पाहिला. वतनाचे कागद उतरून घेतले. दाणावैरणीचे क्षुल्लक म्हणून परत बांधून ठेविले. पुढील उन्हाळ्यांत गेलों तों ते रद्दींत गेले होते! त्यांत काय होतें हें आतां कोण सांगणार?

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, कुमैत, अबलख, पंचकल्याणी असे शब्द ज्या फर्दांत दिसतील, त्या टाकूं नयेत. घोड्याचा रंग, वय, किंमत, खरेदीचें ठिकाण व मिति यांची नक्कल करून ठेवावी. भीमथडीची वंशावळ लिहिली गेलीच, तर ती या क्षुल्लक कागदांवरूनच लिहिली जाईल.