गुबगुबीत अक्षरे आणि आपल्या गावाचे नाव

गेल्या स्नेहसंमेलनाच्या फलकावरचे गावाचे नाव मागच्या रांगेतल्या पाहुण्यांनी ‘निवर्गा’ असे वाचले, हे पुष्कळांना आठवत असेल. मुले हसली, पण विश्वस्त मंडळींना ते लागले. शुद्धलेखन बरोबर होते. चुकली ती अक्षराच्या वळणाची निवड, आणि ती आम्हीच केली होती. यंदाचा फलक व निमंत्रणपत्रिका छापण्याआधी या वळणाविषयी थोडे सांगावे असे वाटले.

संगणकावर अक्षरांच्या एका ठरावीक वळणाला फॉन्ट म्हणतात. आम्ही निवडलेल्या फॉन्टचे नाव ‘मोदक’. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटातील सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. नावाप्रमाणेच त्यातले प्रत्येक अक्षर उकडीच्या मोदकासारखे फुगलेले आहे. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा इतकी आक्रसते की तिथे केसाएवढी पांढरी रेघ तेवढी उरते. मोठ्या आकारात ती रेघ फार गोड दिसते.

अशी गुबगुबीत अक्षरे जगात जुनीच आहेत. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांनी १९२२ साली ‘कूपर ब्लॅक’ नावाचे जाड, गोल टोकांचे इंग्रजी वळण केले. १९६०-७०च्या दशकांत ते गाण्यांच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत खूप वापरले गेले. म्हणून असे अक्षर दिसले की आजही जुन्या दिवसांची आठवण होते. मराठीत हे काम फॉन्टच्याही आधी हातांनी केले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची आणि मासिकांची नावे त्या त्या विषयाच्या स्वभावाप्रमाणे रेखाटली, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे त्यांतलेच एक. नाव बदलले की अक्षरही बदलायचे. फॉन्टमधला ‘ग’ मात्र दहा वेळा आला तरी तोच. म्हणून एकाच मथळ्यासाठी आपल्या चित्रकलेच्या गुरुजींचा हात मिळत असेल तर तो आम्ही आधी घेऊ.

आता ‘निवर्गा’कडे वळू. ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक काय, तर पोटातली एक तिरपी रेघ. अक्षर जाड झाले की पोट भरते आणि दुरून ती रेघ दिसत नाही. ‘ष’ आणि ‘प’ यांचेही तसेच. त्यातून आपल्या गावाचे नाव कोणत्याही फॉन्टची परीक्षा घेणारे! ‘निं’ वर वेलांटीची कमान आणि तिला चिकटून अनुस्वार. ‘र्गा’ मध्ये कान्याच्या डोक्यावर रफार. सगळी गर्दी शिरोरेषेच्या वर. अनुस्वार कमानीत मिसळला, म्हणून तोही गेला.

हेच नाव कन्नडमध्ये लिहा, अडचण कमी होते. कन्नडमधला अनुस्वार हे ओळीतच बसणारे पूर्ण वर्तुळ आहे, आणि रफाराचे काम करणारे अर्कावत्तु अक्षराच्या उजवीकडे येते. तिथे गर्दी होते ती ओळीखाली, जोडाक्षरांच्या ओत्तक्षरांमुळे. म्हणून मराठी ओळीच्या वर आणि कन्नड ओळीच्या खाली जास्त जागा सोडावी लागते. छपाईच्या दुकानात हे आवर्जून सांगावे, कारण दोन ओळी जवळ आणल्या की फलक ‘भरलेला’ दिसतो असे तिथे वाटते.

आमची दुसरी चूक कन्नड ओळीबाबत झाली. ‘मोदक’मध्ये देवनागरी व इंग्रजी अक्षरे आहेत, कन्नड नाहीत. ती ओळ दुसऱ्याच बारीक फॉन्टमध्ये बसवली गेली आणि पाहुणी म्हणून कोपऱ्यात उभी केल्यासारखी दिसली. कन्नड ही आपल्या मुलांच्या रोजच्या व्यवहाराची भाषा. एका पालकांनी तसे बोलून दाखवले ते योग्यच होते.

यावर उपाय ‘एक टाइप’नेच केलेला आहे. त्यांचे ‘बलू’ नावाचे (जंगल बुकातल्या अस्वलाचे हे नाव) गोलसर वळण अनेक भारतीय लिप्यांत आहे. त्यातल्या कन्नड भावाचे नाव ‘बलू तम्मा’. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे आपल्याकडे सांगायला नको! उर्दूचा ‘भाईजान’, तेलुगूचा ‘तम्मुडू’. सारे एकाच जाडीचे, एकाच स्वभावाचे. ‘बलू २’ या पुढच्या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात, त्यामुळे तारीख-वेळ जरा हलक्या अक्षरात घेता येते. हे फॉन्ट आणि ‘मोदक’ही विनामूल्य आहेत, छपाईसाठी परवानगी मागावी लागत नाही. ते युनिकोडमध्ये असल्याने दुसऱ्या संगणकावर मजकूर उघडला तर जुन्या फॉन्टसारखी अगम्य चिन्हे होत नाहीत.

कुठे वापरावे? मुलांच्या बाजाराची पाटी, बालनाट्याचे नाव, खाऊच्या दुकानाची चिठ्ठी, पहिलीच्या वर्गाचे दार. दोन-तीन शब्द, भरपूर मोठे. निकाल, शुल्काची सूचना, देणगीदारांची नावे यांना साधे अक्षर हवे. श्रद्धांजलीचा मजकूर या अक्षरात कोणी लावू नये, एवढे तरी सर्वांना पटेल.

आकाराचा एक ढोबळ हिशेब आहे: १० फुटांवरून वाचायला १ इंच उंचीचे अक्षर. आपल्या पटांगणात शेवटची रांग साधारण ६० फुटांवर बसते, म्हणजे मात्रा-वेलांट्या सोडून ६ इंच.

यंदाच्या नावाचा पूर्ण आकारातला नमुना दोन्ही लिप्यांत काढून आम्ही कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पहिली-दुसरीच्या मुलांनी आणि आजी-आजोबांनी तो मोठ्याने वाचावा. कुणालाही ‘व’ दिसला तर छपाईला देण्याआधी वर्गशिक्षकांना कळवावे.