दोन आण्यांचा करार

पाणी मारून, रूळ फिरवून दाबलेल्या खडीच्या रस्त्यांवरून मोटारी धावू लागल्या, तेव्हा धुळीबरोबर रस्ताही उडू लागला. दुरुस्तीचा खर्च लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला आणि 1927 साली मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. समितीने सुचवलेला उपाय साधा होता. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर दोन आणे जादा घ्यायचे, ते वेगळ्या निधीत ठेवायचे आणि रस्त्यांवरच खर्च करायचे. 1929 मध्ये हा केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. त्यात सरकार आणि वाहनधारक यांच्यात एक करार दडलेला होता: जो जितका रस्ता वापरेल तितके तो देईल, आणि दिलेला पैसा रस्त्यावरच परत दिसेल. टोलवरून आपल्याकडे इतकी वर्षे जी भांडणे चालली आहेत, ती या कराराचा दुसरा अर्धा भाग मोडल्यामुळे चालली आहेत, असे माझे म्हणणे आहे. लोकांचा राग पैसे देण्यावर कमी आणि पैसा कुठे गेला हे न कळण्यावर जास्त आहे.

मुळात रस्ता खर्चात पडतो तो कशाने? अवजड चाक डांबरी थरावरून जाते तेव्हा तो थर किंचित वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण हजारो वेळा वाकल्यावर त्याच्या खालच्या अंगाला बारीक भेगा पडतात आणि त्या हळूहळू वर येतात. पावसाळ्यात पाणी आत शिरते, पुढचे चाक ते पाणी दाबून बाहेर फेकते, आणि त्याबरोबर खडीखालची माती निघून जाते. आत पोकळी होते, वरचा थर खचतो आणि खड्डा तयार होतो. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात खास चाचणीसाठी रस्ते बांधून ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. अर्ध्या टनाचा भार असलेल्या मोटारीच्या आसाच्या तुलनेत दहा टनांचा ट्रकचा आस या हिशेबाने 1,60,000 पट झीज करतो. ट्रकला डिझेल मात्र मोटारीच्या फार तर चार-पाच पट लागते. म्हणजे इंधनावरचा कर अंतर मोजतो, वजन नीट मोजत नाही. 2018 मध्ये आपल्याकडे एका आसावरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. ही वाढ पावणेतेरा टक्क्यांची दिसते, पण त्या आसाने होणारी झीज जवळपास 60 टक्क्यांनी वाढते. मालवाहतूक स्वस्त झाली हे खरे, पण तिच्या खर्चाचा एक भाग रस्त्याच्या खात्यावर चढला. आणि दुरुस्ती लांबवली तर हा खर्च फुगत जातो. जागतिक बँकेने 1988 मध्ये 85 विकसनशील देशांचा हिशेब मांडला होता: 12 अब्ज डॉलरपेक्षा कमी खर्चाची देखभाल वेळेवर न केल्याने 45 अब्ज डॉलर किमतीचे रस्ते वाया गेले होते.

आता कराराचा दुसरा अर्धा भाग. जयकरांच्या निधीला 2000 साली नवा कायदा मिळाला, पण 2018 मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि रस्त्याच्या नावाने घेतलेल्या उपकराला इतर वाटा फुटल्या. टोलचे तर आणखी वेगळे झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची पंधरा वर्षांची वसुली 2004 मध्ये 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन कंत्राटाने दिली गेली. सरकारला रक्कम एकदम हवी होती, त्यामुळे या व्यवहारात गैर काही नव्हते. पण त्यानंतर नाक्यावर थांबणाऱ्या माणसाने दिलेला पैसा आणि त्याच्या चाकाखालचा रस्ता यांचा संबंध त्याला दिसेनासा झाला. दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढ ठरलेली, आणि किती वसूल झाले, किती राहिले हे सांगणारे कोणी नाही. कोल्हापुरात शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी टोल लागला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांमागे अख्खे शहर उभे राहिले. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, कारण घरून मंडईत जायला दुसरी वाट नसेल तर टोल म्हणजे दारात बसलेला कर. पण टोल गेला तो कंपनीला सरकारी भरपाई ठरवून. कोल्हापूरच्या रस्त्यांचा भार अशा रीतीने त्या रस्त्यांवर कधी पाऊलही न ठेवलेल्या करदात्यांकडे गेला.

‘गाडी घेताना कर भरला, पेट्रोलवर कर भरतो, मग टोल कशाला?’ हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र महाराष्ट्रात मोटारीचा एकरकमी कर तिच्या किमतीवर लागतो. सोसायटीच्या आवारात उभी असलेली गाडी आणि दर आठवड्याला नाशिकला जाणारी तशीच गाडी सारखाच कर भरतात. तेव्हा तक्रार रास्त असली, तरी तिचे उत्तर टोल काढण्याइतकेच हा ठोक कर कमी करण्यातही असू शकते.

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर 15 ऑक्टोबर 2024 पासून हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. नाक्यावरच्या रांगा गेल्या, ही सोय खरी आहे. पण ट्रक रस्ता झिजवतो तशी मोटार रस्ता अडवते, आणि मुंबईत सर्वांत दुर्मीळ आहे ती जागा. सकाळी नऊ वाजता वाशीहून निघालेली प्रत्येक गाडी मागच्या शेकडो माणसांचा, बसमध्ये उभे असलेल्यांचाही, थोडा थोडा वेळ घेते. 45 रुपयांचा जुना टोल पहाटे तीनला आणि सकाळी नऊला सारखाच होता, हा त्याचा दोष होता. तो सुधारण्याऐवजी आपण टोलच काढला. स्टॉकहोमने 2006 मध्ये वेळेनुसार बदलणारे शुल्क सात महिने लावून पाहिले आणि शहरात ये-जा करणारी वाहने सुमारे 20 टक्क्यांनी घटली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते, पण अनुभव घेतल्यावर सार्वमतात शहराने त्याला होकार दिला. गरिबांना हे शुल्क परवडणार नाही असे म्हटले जाते. पण गर्दीच्या वेळी मुंबईत मोटारीने शिरणारा माणूस सहसा गरीब नसतो. गरीब माणूस लोकलला लटकलेला किंवा त्याच कोंडीतल्या बसमध्ये असतो, आणि शुल्काचा पैसा त्या बसवर खर्च झाला तर त्याचा फायदाच आहे. भाजीच्या ट्रकवरचा टोल मात्र भाजीच्या दरात उतरतो, हे मान्य करायला हवे. तो उतरला नाही तर खड्ड्यात मोडलेल्या स्प्रिंगा आणि वाटेत सडलेला माल दरात उतरतो.

खेड्याच्या रस्त्याला यातले काही लागू नाही. दिवसाला चार टमटम आणि एक एसटी जाणाऱ्या रस्त्यावर वसुलीचा खर्चच वसुलीपेक्षा जास्त होईल. तिथे पैसा सर्वांच्या करातूनच यायला हवा.

जयकरांच्या कराराचा उरलेला अर्धा भागही आता सुटत चालला आहे. विजेवरची मोटार पेट्रोल भरत नाही, आणि ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर तिला टोलही माफ आहे. धूर कमी व्हावा म्हणून दिलेली ही सवलत आज योग्य आहे. पण अशा गाड्या लाखांनी झाल्या की इंधनावरचा कर आटेल, आणि बॅटरीच्या वजनाने त्या साध्या मोटारींपेक्षा जडच असतात. न्यूझीलंड 1978 पासून डिझेल वाहनांकडून किलोमीटरप्रमाणे शुल्क घेते. एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही त्यात आल्या, हजार किलोमीटरला 76 न्यूझीलंड डॉलर. आपल्याकडे काचेवर फास्टॅग आहे, नाक्यांवर चालत्या ट्रकचे वजन करणारे काटे बसू लागले आहेत. अंतर, वजन आणि वेळ पाहून आकारणी करायला लागणारी साधने बरीचशी हाताशी आहेत. नाक्यावर दरांचा आणि सवलत मिळणाऱ्या मान्यवरांचा मोठा फलक असतो. त्याच फलकावर रस्त्याला लागलेली रक्कम, आजवरची वसुली आणि गेल्या वर्षी देखभालीवर झालेला खर्च, हे तीन आकडे लिहायला जागा आहे.