पोलादाचा जोड का सुटतो?



मृगाच्या तोंडी एका शेतकऱ्याने आपली कुऱ्हाड माझ्यापुढे आणून टाकली. बाभळीवर तिसरा घाव घातला आणि धारेचे पोलाद पापुद्र्यासारखे उकलले. तुकडा नडगीजवळून गेला, म्हणून पाय वाचला. तो लोहाराला बोल लावीत होता. लोहार म्हणत होता, पोलादच वाईट. दोघांचेही थोडेथोडे खरे होते.

कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे आणि धार पोलादाची असते. दोन्ही भट्टीत तापवून घणाने एकजीव करतात. यात लोखंडाचे पाणी होत नाही. दोन स्वच्छ अंगे पुऱ्या तावात दाबली गेली, की ती एकमेकांना धरतात. धुळीच्या भिंतीवर गिलावा टिकत नाही, तसाच मध्ये मळ राहिला तर जोड टिकत नाही. जोड फसण्याची कारणे मुख्यतः चार.

१. कीट : तापल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर काळी खपली धरते. म्हणून जोडाची अंगे आधी कानशीने उजळ करावीत. लाल होताच त्यावर टाकणखार भुरभुरावा. तो वितळून काचेसारखा पसरतो आणि खपली विरघळवतो. जोडाची अंगे मध्ये किंचित फुगीर ठेवावीत. पहिला घाव मध्यावर, मग कडेकडे घालावा, म्हणजे हा रस बाहेर निघतो. तो उडून भाजतो. मुलांना दूर ठेवा.

२. आग : कोळसा थोडा आणि भाता जोरात, असे झाले की न जळलेली हवा लोखंडाला लागते व कीट वाढते. खाली-वर कोळशाचा जाड थर हवा आणि भाता संथ हवा. दगडी कोळशात गंधक असतो. धूर पुरा जाईपर्यंत तो जळू द्यावा, नाहीतर लाकडी कोळसा वापरावा.

३. ताव : मऊ लोखंडाला जोडासाठी सुमारे १,२५० ते १,३०० अंश सेल्सिअस ताव लागतो. पोलाद त्याआधीच जळू लागते. फुलबाजीसारख्या ठिणग्या दिसल्या, तर ते पोलाद वाया गेले समजा. म्हणून लोखंडाची बाजू जास्त आगीत ठेवावी. ताव कमी पडला तरी जोड वरवरचा होतो. थंड ऐरण पातळ पोलादाचा ताव ओढून घेते, म्हणून ऐरण आधी कोमट करावी. हातोडा-सांडशी हाताशी ठेवावी. पहिले घाव हलके, पण झटपट घालावेत.

४. चुकीचे पोलाद : जुनी कानस (दाते घासून) किंवा ट्रकच्या कमानीचा पाटा चालतो. स्टेनलेस घेऊ नये. बेअरिंगच्या पोलादातही क्रोमियम असते. त्याची खपली टाकणखाराला सहज दाद देत नाही. जस्त चढवलेला पत्रा किंवा नळ तर भट्टीत घालूच नये; त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

आता त्या कुऱ्हाडीचे ऐका. शेतकऱ्याने पोलाद म्हणून दिला होता बेअरिंगचा तुकडा. आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत लोहाराने जोड उरकला होता कोळशाच्या पातळ थरावर!

जोड झाल्यावर तपासा. वस्तू सावलीत निवू द्या. जिथे जोड धरला नाही तिथला भाग आधी काळवंडतो. अशा जागी लगेच पाणी देऊ नका. फट उघडून, साफ करून, टाकणखार घालून पुन्हा ताव द्या. जोड पक्का असेल, तर वस्तू एकदा राखेत हळूहळू निववा आणि मगच धारेला पाणी द्या.

शहरात थरांच्या नक्षीदार पोलादाचे चाकू महाग विकले जातात. त्यामागेही हीच विद्या आहे. सात थर म्हणजे सहा जोड. त्यातला एक फसला की सारे पाते वाया.

तेव्हा कुऱ्हाड, विळे, खुरपी, फाळ यांची कामे चैत्रातच लोहाराकडे द्या. पोलाद कशाचे आहे ते त्याला खरे सांगा आणि घाई करू नका. पेरणीच्या घाईत घातलेला जोड घाव घालताना सुटतो, आणि तेव्हा समोर आपलाच पाय असतो.