पटल-अवरोध व ऑक्सिडीभवन

पाणी गाळण्याच्या सूक्ष्मच्छिद्री पटलावर व त्याच्या छिद्रांत कलिल कण, कार्बनी द्रव्ये आणि सूक्ष्मजंतू साचून प्रवाह मंदावतो, यास पटल-अवरोध म्हणतात. तो वाढला की तेवढेच पाणी मिळविण्यासाठी दाब वाढवावा लागतो, पटल वारंवार रसायनांनी धुवावे लागते व त्याचे आयुष्य घटते. पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (स्थापना १९५०) पॉलिॲक्रिलोनायट्राइलाची अतिगाळण पटले विकसित केली. त्यांनी जंतू अडविले जातात. परंतु जे अडते ते पटलावरच साचते.

पुण्याला पाणी पुरविणाऱ्या खडकवासल्यासारख्या उघड्या जलाशयांत कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली ह्यूमिक द्रव्ये व शैवले असू शकतात. पटलापूर्वी अशा पाण्यात ओझोन सोडल्यास ह्यूमिक द्रव्यांतील दुहेरी बंध तुटून मोठ्या रेणूंचे तुकडे होतात. हे तुकडे अधिक जलस्नेही असल्याने पटलाला कमी चिकटतात. मात्रा ठरविणे मात्र नाजूक असते. ती अधिक झाल्यास शैवलांच्या पेशी फुटून आतील द्रव्ये बाहेर पडतात व अवरोध उलट वाढतो. रेणूंचे लहान तुकडे सूक्ष्मजंतूंचे खाद्यही ठरतात; म्हणून ओझोननंतर सक्रियित कार्बनाचा थर ठेवणे इष्ट. पाण्यात ब्रोमाइड असल्यास ब्रोमेट तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

क्लोरीन स्वस्त खरा. पण व्युत्क्रमी तर्षणाच्या पॉलिअमाइड पटलाचे तो विघटन करतो. त्यामुळे पटलाआधी सोडियम बायसल्फाइट घालून तो काढून टाकतात. सिरॅमिक पटले ओझोनही सहन करतात, परंतु ती महाग असतात.