आईची वाटी किती ग्रॅमची?

नंदनवन, नागपूरहून बोलतोय. ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला भाग.

आमची आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेते. गिऱ्हाईक किलोत मागतं, किराणा किलोत येतो, पण मधली रेसिपी वाट्यांत. बेसनाचे लाडू म्हणजे चार वाट्या बेसन, एक वाटी पातळ तूप, दोन वाट्या पिठीसाखर. मग दहा किलोच्या ऑर्डरला बेसन किती आणायचं? भाव काय लावायचा? अंदाजानं लावला तर चार दिवस राबूनही हातात काही उरत नाही. म्हणून यंदा मी काटा आणला. आई म्हणाली, "वाटीनं घे ना, ते वजन काय करून राहिला?"

तिचंही बरोबर आहे. आपल्याकडे धान्य मापानंच मोजायचे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. त्यात शेर हे वजनसुद्धा होतं, ८० तोळ्यांचं, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं बाजारात आले. स्वयंपाकघरात वाटी तशीच राहिली.

आधी वाटीच मोजा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळपास एक ग्रॅम. आमची वाटी १५० मिलिलिटरची निघाली. यूट्यूबवरचा 'एक कप' अमेरिकन असेल तर साधारण २४०, ऑस्ट्रेलियन असेल तर २५०, आणि राइस कुकरसोबत येणारा कप १८०. म्हणजे नुसतं 'कप' ऐकून काहीच कळत नाही.

आता त्याच वाटीत साखर सुमारे १२५ ग्रॅम बसते, तांदूळ १२०, तेल १३८, मैदा फक्त ७५-८०. तेल पाण्यापेक्षा हलकं, एवढं तर शाळेत शिकलोय. बाकीच्यांत फरक पडतो तो कणांमधल्या हवेमुळे.

खरी गडबड पिठात आहे. एक किलो चणाडाळ म्हणजे आमच्या आठेक वाट्या. तीच दळून आणली की बेसन होतं तेरा वाट्यांच्या आसपास. वजन तेच, वाट्या वाढल्या! आणि बेसन चाळून हलक्या हातानं भरलं तर वाटीत ६५ ग्रॅम, डब्यातून दाबून भरलं तर ८५. चार वाट्यांत ८० ग्रॅमचा फरक, तूप मात्र तेवढंच. मग एकदा लाडू बसतो, एकदा कोरडा होतो, आणि दोष तुपाला. शिगोशीग की सपाट, हा वाद तर वेगळाच.

चकलीच्या भाजणीला एवढी झंझट नाही. तांदूळ, चणाडाळ, उडीद, मूग सगळे दाणे वाटीत जवळजवळ सारखेच वजन भरतात, त्यामुळे वाट्यांचं प्रमाण तेच वजनाचं. तिथे वेळ घालवू नका. सांभारवडीचा सांभार मात्र वाटीनं मोजूच नका. चिरलेला पाला कितीही दाबता येतो, सरळ वजन करा.

पिठासाठी आईला म्हटलं, तू नेहमी भरतेस तशीच भर. तीन वेळा भरून सरासरी काढली. बेसन ७५, पिठीसाखरही ७५, तूप १३५. म्हणजे एक घाणा ३०० अधिक १३५ अधिक १५०, एकूण ५८५ ग्रॅम. दहा किलोला १७ घाणे आणि थोडं वर. बेसन ५.१ किलो, तूप २.३, पिठीसाखर २.६. भाजताना ओलावा उडतो, कढईला थोडं चिकटतं, म्हणून प्रत्येकी थोडं जास्तच आणायचं.

हे सगळं फोनमधल्या शीटमध्ये आहे. किलोचा आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. शेजारी त्या दिवसाचा किराण्याचा भाव टाकला की लाडवाचा खर्च समोर. तूपच निम्म्याहून जास्त पैसे खातं, हे आईलाही पहिल्यांदाच आकड्यात दिसलं.

वेलचीपूड तेवढी चमच्यानंच घ्या. घरगुती काटा ग्रॅमच्या खालचं नीट दाखवत नाही.