समुद्रापलीकडचे बिऱ्हाड

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर धरमतर खाडीचे मुख दिसते, त्यापलीकडे करंजा आणि उत्तरेकडे मुंबई. भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचने या किनाऱ्यावरच्या कित्येक पिढ्यांना चाकरीसाठी मुंबईला नेले व सणावाराला परत आणले. गेल्या चार-पाच दशकांत मात्र याच धक्क्यावरून निघालेली पेटी मुंबईत न थांबता थेट विमानतळ गाठते व मस्कत, दुबई, बहारीन किंवा कुवेतला उतरते. पूर्वी कर्ता पुरुष एकटाच जात असे. आता पत्नी-मुलांसह जाण्याची इच्छा आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे बोलून दाखवतात, आणि त्या अनुषंगाने जे प्रश्न आमच्याकडे येतात, त्यांचा थोडा विस्ताराने परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले.

शेजारी देश म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीवरची सीमा येते. कोकणच्या माणसाचा शेजार मात्र समुद्राने ठरवलेला आहे. मुंबईहून मस्कत हे कोलकात्यापेक्षा जवळ आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून कोणालाही पाहता येईल. हा शेजार केवळ अंतराचाही नाही. आखातातील बाजारात भारतीय रुपया चालत असे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली त्या भागासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. कुवेतने १९६१ साली, पुढे अमिरातींचा भाग झालेल्या राज्यांनी १९६६ साली आणि ओमानने १९७० साली आपापले चलन आणले, तेव्हा हा व्यवहार थांबला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील कोकणी मुस्लिम कुटुंबांना हा शेजार चांगलाच परिचित आहे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांच्या अनुभवाचा लाभ घेण्यास संकोच करू नये.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी : आपण घर हलवतो आहोत की बिऱ्हाड करतो आहोत? याच किनाऱ्यावर दोन्हींची उदाहरणे आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असे मानणारा बेने इस्रायल समाज रायगडच्या गावोगावी नांदत होता. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर त्यातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे गेली व तेथील नागरिक झाली. ते घर हलवणे होते. आखातात तसे होत नाही. तेथील वास्तव्याचा परवाना सामान्यतः नोकरीशी बांधलेला असतो, आणि वीस वर्षे राहिले तरी नागरिकत्व मिळेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून ते बिऱ्हाडच. ज्या कुटुंबांनी हे ओळखून पावले टाकली त्यांचे सहसा निभावले. ज्यांनी इकडचे सारे गुंडाळून टाकले, त्यांची परतल्यावर ओढाताण झाली.

ख्रिस्तसभेचा कायदाही हाच भेद मानतो, हे अनेकांना ठाऊक नसते. धर्मविधिसंहितेच्या १०२ व्या कलमानुसार एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत कायम राहण्याच्या हेतूने किंवा पूर्ण पाच वर्षे राहिल्याने कायमचे वास्तव्य प्राप्त होते. निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिल्याने उप-वास्तव्य मिळते. दोन्हींपैकी कशानेही माणसाला तेथील धर्मगुरू हे आपले धर्मगुरू म्हणून लाभतात. याचा अर्थ असा की मस्कतला बिऱ्हाड मांडणारे कुटुंब तेथील चर्चमध्ये पाहुणे नसते. परत येण्याचा हेतू कायम असेल तर त्याचा गावच्या धर्मग्रामाशी असलेला संबंधही तुटत नाही. तेव्हा ‘आम्ही आता कोणाचे?’ या प्रश्नाला ‘दोन्हीकडचे’ हे उत्तर केवळ समजुतीचे नाही, कायद्याचे आहे.

आता कागदपत्रांकडे वळू. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः स्थलांतर-परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तीला नोकरीसाठी आखातातील सहाही देशांत जाताना १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार ही परवानगी घ्यावी लागते. ती टाळण्यासाठी भेटीच्या व्हिसावर नेऊन कामाला लावणारे दलाल आजही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. कारण अशा माणसाला तिकडे वेतनाची तक्रार करण्यासही आधार उरत नाही. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. याहून मोठा आकडा ऐकू आला, तर तेथूनच परत फिरावे.

कुटुंब नेण्यासाठी मात्र एवढ्याने भागत नाही. बहुतेक ठिकाणी किमान वेतनाची अट असते. अमिरातींनी २०१९ साली ती चार हजार दिरहम, अथवा तीन हजार दिरहम व राहण्याची जागा अशी ठरवली. या अटी बदलत असतात, म्हणून नोकरीचा करार सही करण्यापूर्वी त्या वेळची अट दूतावासाच्या माहितीवरून पाहून घ्यावी. विवाहाचा व मुलांच्या जन्माचा दाखला राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्याकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. ओमान, बहारीन व सौदी अरेबिया हे अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे तेथे अपोस्टिलची मोहर पुरते. अमिराती व कुवेतसाठी दूतावासाचे साक्षांकनही लागते.

येथे आमच्या कचेऱ्यांत वारंवार दिसणारी एक अडचण सांगितली पाहिजे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पारपत्रावर तिसरे! वहीत ‘पेद्रू’, शाळेत ‘पीटर’. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. गावात सारे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. परदेशी अधिकाऱ्यापुढे मात्र ही तीन वेगळी माणसे ठरतात. ही दुरुस्ती तिकीट काढल्यावर धावपळीत करण्याची नव्हे. सहा महिने आधी तिला हात घालावा.

तिकडे मूल जन्माला आले तर काय? याविषयीचे अज्ञान आम्हांस सर्वांत काळजीचे वाटते. आई-वडील दोघेही भारतीय असले तरी ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेले मूल आपोआप भारतीय नागरिक ठरत नाही. त्याचा जन्म एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो. मुदत टळली तर केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते. आखाती देश त्या मुलाला नागरिकत्व देत नाहीत. म्हणजे पालकांच्या आळसामुळे तान्हे मूल कोणत्याच देशाचे नाही अशी अवस्था येऊ शकते. रुग्णालयाचा दाखला हाती येताच वकिलात गाठावी, आणि बाप्तिस्म्याची तारीखही मग ठरवावी.

उपासनेची सोय देशागणिक वेगळी आहे. २०११ सालापासून अरबस्तानातील श्रद्धावंतांची दोन अपोस्तलिक विकारिएटांत विभागणी आहे : अमिराती, ओमान व येमेन दक्षिणेत; बहारीन, कुवेत, कतार व सौदी अरेबिया उत्तरेत. बहारीनमधील मनामा येथे १९३९ साली पवित्र हृदयाचे चर्च उभे राहिले, आणि अवाली येथील अरबस्तानच्या मातेचे कॅथेड्रल डिसेंबर २०२१ मध्ये समर्पित झाले. मस्कतला रुवी व घाला येथे चर्चेस आहेत. सौदी अरेबियात मात्र चर्च नाही. सार्वजनिक उपासनेला मुभा नाही. मुलांच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे वय जवळ आले असेल, तर त्या देशातील नोकरी स्वीकारताना पती-पत्नीने याचा विचार केलाच पाहिजे. वेतनाच्या आकड्यात ही बाब दिसत नाही. आणखी एक : तेथे साप्ताहिक सुट्टी बहुधा शुक्रवार-शनिवारी असल्याने रविवारची मिस्सा शुक्रवारीही होते. अमिरातींनी जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली आहे.

मिस्सा इंग्रजीबरोबर मल्याळम, तमिळ, कोकणी, तगालोग अशा भाषांतून होते. शाळा बहुधा भारतीय अभ्यासक्रमाची असली तरी तिचे माध्यम इंग्रजी. मराठीचे काय, हा प्रश्न मग घरातच सोडवावा लागतो. रेवसच्या दक्षिणेला कोर्लई गाव आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली चौल-कोर्लईचा प्रदेश मराठ्यांना दिला व ते निघून गेले. परंतु त्या गावातील ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीजवर आधारलेली आपली बोली आजतागायत टिकवली आहे. तिला ना शाळा होती, ना राजाश्रय. ती स्वयंपाकघरात आणि अंगणात बोलली गेली, एवढेच. दुबईच्या सदनिकेत अंगण नसते हे खरे, पण आजीशी रोज फोनवर बोलता येते. घड्याळातला फरक तर दीड तासाचाच आहे!

गावच्या जमिनीविषयी थोडे. मांडवा-रेवस पट्ट्यात जमिनीला आलेला भाव सर्वश्रुत आहे. अनिवासी झालेल्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली ठेवता येते, वारशाने मिळू शकते. तेव्हा जाण्याच्या खर्चासाठी शेत विकून ‘पुढे पैसे आले की दुसरे घेऊ’ असा हिशेब करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. वडील वारले असतील तर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करूनच निघावे. तिकडून पाठवलेले मुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित असावे लागते, आणि ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागतो. बँकेलाही अनिवासी झाल्याचे कळवून साधे खाते बदलून घ्यावे.

परतीची वेळ आपण ठरवू असे प्रत्येकाला वाटते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि पुढील काही महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे दरमहा शंभर रियाल शुल्क लावले, ते दरवर्षी वाढवत २०२० मध्ये चारशेवर नेले. कित्येकांनी पत्नी-मुलांना परत पाठवले. म्हणून सर्व मूळ कागदांच्या प्रती गावी कोणाकडे तरी ठेवाव्यात. गावच्या शाळेत किंवा निदान तालुक्याच्या ठिकाणी मुलांना मध्येच प्रवेश मिळेल का, याचीही चौकशी करून ठेवावी.

आणि नोकरी संपून निघताना आणखी एक काम राहते. तिकडे झालेल्या बाप्तिस्म्याची मूळ नोंद त्याच चर्चच्या वहीत राहते. दृढीकरणाची व विवाहाची नोंदही पुढे तेथेच कळवली जाते. मूल मोठे होऊन इकडच्या चर्चमध्ये विवाहासाठी उभे राहील, तेव्हा आम्ही त्याच्याकडे नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला मागू. तोपर्यंत तेथील धर्मगुरू बदललेले असतील, आपल्या ओळखीचे कोणी उरले नसेल. म्हणून निघण्यापूर्वी दाखला घ्यावाच. शिवाय चर्चचे पूर्ण नाव, नोंदीचा क्रमांक व विकारिएटच्या कचेरीचा पत्ता पारपत्राच्या प्रतीसोबत लिहून ठेवावा.