एकच औषध : वावरात आणि छातीत



मागच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक भाऊ फवारणीच्या औषधाची पुडी घेऊन आले. म्हणाले, "फादर, यावर स्ट्रेप्टोमायसिन लिहिलं आहे. आमच्या बाबांना टी.बी. झाला होता तेव्हा त्यांना याच नावाच्या सुया देत. माणसाचं औषध लिंबाच्या झाडाला कसं काय चालतं?" प्रश्न साधा दिसतो, पण आपल्या घराशी आणि वावराशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

स्ट्रेप्टोमायसिन हे मातीतून मिळालेले औषध आहे. मातीत राहणारा एक सूक्ष्म जीव आपल्या भोवतीच्या इतर जीवांना रोखण्यासाठी ते तयार करतो. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ या तरुण संशोधकाने १९४३ साली ते वेगळे केले. क्षयाच्या जंतूला मारणारे ते पहिले परिणामकारक औषध ठरले. पुढे झाडांच्या जिवाणूजन्य रोगांवरही ते वापरात आले. स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असते. लिंबावरचा खैऱ्या, कपाशीचा जिवाणूजन्य करपा, सोलापूरकडे डाळिंबावरचा तेल्या, अशा रोगांसाठी त्याचा फवारा मारला जातो.

आता शरीराकडे पाहू. जंतू आत शिरला की प्रत्येक वेळी औषध लागतेच असे नाही. कातडी हे शरीराचे पहिले कुंपण. नाका-घशातला चिकट द्रव जंतूंना अडकवतो. तेथूनही जंतू आत गेला, तर रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. शरीर तापते, तेही बहुधा या लढ्याचेच लक्षण असते. काही दिवसांत त्या जंतूला ओळखणारी प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्याची ओळख शरीर जपून ठेवते. लस हीच ओळख रोग न होता करून देते. क्षयाचे जंतू छातीत गेलेल्या बहुतेकांना रोग होत नाही, कारण पांढऱ्या पेशी त्या जंतूंना घेरून कोंडून ठेवतात. उपासमार, मधुमेह, दारू किंवा एच.आय.व्ही.मुळे ही राखण ढिली पडली, की कोंडलेला जंतू बाहेर पडतो.

जेथे शरीर एकटे पुरे पडत नाही, तेथे जंतुनाशक औषध मदतीला येते. पण ते ठराविक शत्रूवरच चालते. संत्र्याचा डिंक्या हा जिवाणूमुळे होत नाही, म्हणून त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन मारून उपयोग नाही, हे आपण जाणता. माणसाचेही तसेच आहे. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकची गोळी काहीच करत नाही. लहान मुलांना तर खोकल्याची बाटलीही दुकानातून आपल्या मनाने आणून पाजू नये. शेजारच्या परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक लेकरे दगावली. हे दुःख आपल्या दाराजवळचे आहे.

मग औषध निकामी का होते? गुलाबी बोंडअळीची गोष्ट आठवा. बीटी कपाशीने बहुतेक अळ्या मरत. ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची बोंडे आतून पोखरली गेली. जंतूंचेही असेच होते. कोट्यवधींत एखादा जंतू मुळातच औषधाला न जुमानणारा असतो. औषधाने बाकीचे मेले, की त्याला रान मोकळे मिळते.

इंग्लंडमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या चाचणीत हे स्पष्ट दिसले. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ क्षयरोग्यांपैकी ४ दगावले, तर न मिळालेल्या ५२ पैकी १४. मोठेच यश! पण पुष्कळांच्या छातीतले जंतू औषधाला सरावले. पाच वर्षांनी पाहता पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्यातील ३५ जण गेले होते. एकट्या औषधाचा जोर ओसरला होता. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देतात, कारण एकातून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो.

आजच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे असतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही मिळतात. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. खरा धोका दुसराच आहे. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि मनुष्य म्हणतो, "आता बरा झालो." तेथेच तो गोळ्या सोडतो. मागे उरलेले जंतू चिवट असतात. ते पुन्हा वाढतात आणि त्याच घरातल्या लेकरांच्या छातीत जातात.

वावरातही हाच नियम लागू आहे. वारंवार फवारल्याने मातीतले आणि झाडावरचे जंतू सरावतात, आणि त्यांचा हा गुण माणसाला रोग करणाऱ्या इतर जंतूंकडेही जाऊ शकतो. म्हणूनच केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतील वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला. कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन २०१९ सालीच बंद झाले.

तेव्हा एवढे करावे :

१. खैऱ्या लागलेल्या फांद्या छाटून जाळाव्यात, पाने पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त करावा आणि बोर्डो मिश्रण किंवा ताम्रयुक्त औषध वापरावे.

२. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीत रक्त दिसल्यास थुंकी तपासून घ्यावी.

३. डॉक्टरांनी दिलेले औषध त्यांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

४. दुभत्या गाईला सुई दिली असेल, तर पशुवैद्य सांगतील तितके दिवस दूध विकू नये.

पुडी आणणाऱ्या भावाचे वडील सगळ्या सुया पुऱ्या करून बरे झाले आणि पुढे पुष्कळ वर्षे बगीचा राखत राहिले. आपल्या नातवंडांनाही औषधाचा असाच गुण यावा, यासाठी ते आज जपून वापरणे आपल्याच हाती आहे.